गावातल्या मैदानावरची रॉक मैफल: लेकीच्या आणि वडिलांच्या कानांसाठी काय घ्यावे?

सिडकोवासी
नमस्कार मंडळी. आमच्या पिढीचा जो ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड २००१ साली इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात जमला, तो येत्या जानेवारीत बऱ्याच वर्षांनी आपल्या गावात, म्हणजे संभाजीनगरात, उघड्या मैदानावर वाजवणार आहे. मला ७ वर्षांची लेक आणि ६८ वर्षांचे वडील या दोघांनाही न्यायचे आहे. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, तरीही ते येणारच म्हणतात. कारण या पोरांनी पहिली दोन वर्षे आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव केला आणि दुपारची झोपमोड सोसूनही बाबांनी त्यांना कधी हाकलले नाही. दोघांच्या कानांसाठी काय घ्यावे आणि मैदानात कुठे बसावे? खर्च १,५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

देवगिरीचा प्रवासी
ताई, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले, तेव्हा आम्ही तिघे देवगिरी एक्सप्रेसने गेलो होतो. मुलासाठी मी ६,२०० रुपयांचा इअरमफ घेतला होता आणि तो शेवटच्या गाण्यापर्यंत आनंदात होता. त्यांचे गायक ख्रिस मार्टिन यांच्या कानात शिट्टी वाजत राहते, हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. जे रोज त्या आवाजात उभे राहतात त्यांची ही गत असेल, तर आपण पैशाकडे पाहू नये. घ्यायचे तर उत्तमच घ्यावे.

मांजराकाठ
माझे ऐकाल तर मुलीला नेऊच नका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मिरवणुकीत मी डीजेच्या भिंतीसमोर अर्धा तास उभा होतो. कानात कापूस होता. चार दिवस कानाला दडे बसले. ते सुटले, पण डाव्या कानातली शिट्टी आजही रात्री दिवा मालवल्यावर ऐकू येते. कापसाने काहीही अडत नाही, एवढे तरी लक्षात ठेवा.

वाळूजची पाळी
मी वाळूजला प्रेस शॉपमध्ये १४ वर्षे काम करतो आणि रोज आठ तास कानात प्लग घालतो, म्हणून सांगतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात, आणि रॉकच्या कार्यक्रमात स्टेजजवळ १०० सहज होतात. वडिलांसाठी हेल्मेट आणि सेफ्टी शूज विकणाऱ्या दुकानातून फोमचे पिवळे प्लग घ्या. आमच्याकडे दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. खरी गोम घालण्यात आहे. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. तो बोंडासारखा बाहेर लोंबत असेल तर घातला काय न घातला काय, सारखेच. मुलीच्या कानाची नळी लहान असल्याने तिला प्लग नीट बसणार नाही, तिला डोक्यावरून घालायचा इअरमफच घ्या. हजाराच्या आत चांगला मिळतो, सहा हजार लागत नाहीत.

देवगिरीचा प्रवासी
कारखान्यातला इअरमफ वेगळा आणि संगीतासाठीचा वेगळा. त्यात सूर बोथट होतात.

वाळूजची पाळी
साहेब, सूर बोथट झालेले चालतील, कान बोथट व्हायला नकोत. आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ताई, वडिलांचा एक कान आधीच अधू आहे, म्हणून तर राहिलेले जास्त जपायचे.

सूरपेटी
साउंडचे काम करतो. ध्वनिमिश्रणाचा मांडव जिथे असेल, त्याच्या आसपास बसा. साउंडवाला तिथल्याच कानाने आवाज जुळवतो, म्हणून गाण्याचे शब्दही तिथेच स्वच्छ ऐकू येतात. स्टेजच्या पायाशी खर्जाच्या पेट्या जमिनीवर मांडलेल्या असतात, तिथे लहान मुलाला अजिबात नेऊ नये. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो.

गोदाकाठ
६ डेसिबलचा हिशोब एकट्या पेटीचा आहे. हल्ली पेट्यांची उभी माळ टांगतात, ती लांब फेकण्यासाठीच असते. तिचा आवाज जवळच्या पट्ट्यात इतका भराभर उतरत नाही. म्हणून मागे बसलो म्हणजे झाले, असे समजू नका. कापूस नको, हे वर आलेच आहे. माझेही तेच मत. सोनेरी महालाच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव ऐकताना मी गारठलो होतो, तेव्हा सोबत सतरंजी आणि शाल ठेवा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला विशेष परवानगी लागते, त्यामुळे मैफल वेळेवर सुरू होईल असे धरून लवकर पोहोचा.
आणखी एक मनातले सांगतो. पर्ल जॅमने ऑगस्ट २०१८ मध्ये सिॲटल या आपल्या गावी बेसबॉलच्या मैदानावर दोन कार्यक्रम केले आणि त्यातून शहरातल्या बेघरांसाठी निधी उभारला. आपल्या पोरांनीही तिकिटातले काही इथल्या दुष्काळी गावांतल्या पाण्याच्या कामाला द्यावे, असे मला फार वाटते.

मांजराकाठ
निधीचे मत पटले. मुलीचे मत मात्र मी बदललेले नाही.

सिडकोवासी
सर्वांचे मनापासून आभार. लेकीसाठी ८५० रुपयांचा इअरमफ आणि बाबांसाठी व माझ्यासाठी फोमच्या चार जोड्या घेतल्या. आज सकाळी बाबांनी पाळी ओढून प्लग बसवला. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी ते पेपरच वाचत होते, म्हणजे नीट बसला.
जागेबाबत मात्र मी तुम्हा कोणाचेच ऐकणार नाही. लेक आणि तिचे वडील मांडवाजवळ सतरंजीवर बसतील. पहिली दोन गाणी मात्र मी बाबांना घेऊन अगदी पुढे, कठड्याला लागून उभी राहणार आहे. शेडमध्ये ड्रमवाला त्यांच्याकडे पाठ करून बसायचा, आणि त्याला वाजवताना समोरून पाहायचे आहे, एवढे एकच मागणे बाबांनी माझ्याजवळ मागितले आहे. दोन गाणी म्हणजे दहा मिनिटे; वाळूजच्या दादांच्या हिशोबात ती बसतात, शिवाय कानात प्लग असेल.