मदत हवी आहे: मे महिन्यात पीटीचे (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचे) सॅम्पल थंड न करता कसे न्यावे?

राम राम मंडळी. मी धडगावात रक्त गोळा करतो आणि दुपारच्या एसटीने नंदुरबारच्या लॅबला पाठवतो. सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) अडचण नाही, अडलंय ते निळ्या झाकणाच्या नळीवर. हृदयाची झडप बदललेले दोन-तीन पेशंट वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) आहेत, त्यांचा आयएनआर (पीटीवरूनच काढलेला आकडा) लागतो.

या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, रेघेपर्यंत नळी भरलेली हवी, तेवढं सांभाळतो. पण पीटीचं सॅम्पल १८ ते २५ अंशांतच राहायला हवं. बर्फावर ठेवलं की थंडीने रक्त गोठवणारा सातवा घटक जागा होतो अन् पीटी खोटाच कमी येतो. आणि आपल्या खान्देशातला मे तर ठाऊकच आहे, ४४-४५ अंश! एसटीच्या टपाखाली तर भट्टीच.

सध्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा वापरतो. (आजीची माठाची युक्ती.) आत थर्मामीटर ठेवला, तर २९ दाखवतो.

कोणी थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक आणि नळ्या यांच्यात पुठ्ठा वगैरे घालून पाहिलंय का? किती जाड? पॅक फ्रीजरमधला की नुसता फ्रीजमधला? की सरळ बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं यंत्र घेऊ? पट्ट्या महाग पडतात म्हणे. वापरणाऱ्यांनी खरं सांगा.