बाळंतपणाची रजा कधीपासून टाकू? (जळगाव)

प्रश्न: शहाद्याची लेक
एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅचची बिलं बनवते, पगार १९ हजार. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी १८ मे तारीख दिलीय. आईचा रोज फोन, "सातवा लागना का निंघी ये." तिचंही खरं, मे महिन्यात पारा ४४-४५ वर, एसटीत कोण बसवणार? पण मार्चमध्येच रजा सुरू केली तर बाळ चार महिन्यांचं असताना मी परत टेबलावर! शेठजी म्हणतात तीन महिने पुरे, त्यांच्या सुनेने तेवढीच घेतली. (सून घरच्याच ऑफिसात, तिला कोण विचारतंय.) मिस्टर बियाण्याच्या कंपनीत, त्यांना बाळाची वेगळी रजा नाही. साठवलेल्या १४ आहेत. त्या डिलिव्हरीलाच टाकायच्या ना?

भुसावळकर
तीन महिने हा जुना हिशोब. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे. शेठजींशी वाद घालण्याआधी पगाराची स्लिप बघा. ईएसआयचे (कामगार विम्याचे) १४३ रुपये कटतात का? कटत असतील आणि ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर रजेतले पैसे ईएसआय महामंडळ देतं, शेठजींच्या गल्ल्यातून जात नाहीत.

धुळ्याची वहिनी
डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, घ्यायलाच हवेत असं नाही. तब्येत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर ४ मेपासून घे. १ नोव्हेंबरपर्यंत पुरते, रविवार धरून. अर्ज लेखी दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

मिस्टरांच्या रजेचं मात्र ऐक. आमच्या ह्यांनी आठच्या आठ दिवस पहिल्याच आठवड्यात संपवले. घरात माझी आई, मावशी, नणंद. हे नुसते चहा आणायला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहायला. मी कामावर रुजू झाले तेव्हा आई गावी गेलेली, आणि बाळ सासूबाईंकडून वाटी-चमच्याने घोटभर दूध घेईना. दुपारी ब्लाउज ओला, मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडत बसलेले. तेव्हा ह्यांच्याकडे एक रजा शिल्लक नव्हती. तुमचे मिस्टर तर बियाण्यातले, मे-जून म्हणजे कपाशीचा सीझन, तेव्हा त्यांना कोण सोडतंय! दोन-तीन दिवस डिलिव्हरीला, बाकी सगळ्या नोव्हेंबरला. आणि वाटी-चमच्याची सवय दिवाळीआधीच लाव, डॉक्टरांना विचारून.

शहाद्याची लेक
स्लिपवर १४३ च आहेत! इतकी वर्षं बघत होते, कशाचे ते कधी विचारलं नाही. शेठजींना दाखवलं तर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना." मिस्टर ११ रजा नोव्हेंबरला ठेवायला तयार झालेत. आईला ४ मे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "मंग मीच येस तठे." डिंक मात्र शहाद्याहूनच आणणार म्हणे, जळगावच्या डिंकावर तिचा भरवसा नाही.