हाइडची आयरिश एकांकिका कोकणा बोलीत: बोहाड्याची सोंगं घ्यावीत का?

पेठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी पेठ तालुक्यात शिकवतो, राहायला नाशिकला. गावच्या पोरांना घेऊन आयरिश लेखक डग्लस हाइडची 'द ट्विस्टिंग ऑफ द रोप' ही एकांकिका इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत बसवायचं मनात आहे. मूळ आयरिश भाषेतली. २१ ऑक्टोबर १९०१ ला डब्लिनच्या गेटी थिएटरात झाली, तेव्हा हॅनरहान कवीचं काम स्वतः हाइडनं केलं. बाकी नट आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीग या संस्थेचे हौशी सभासद.

गोष्ट अशी. नाचगाण्याच्या रात्री हा भटका कवी आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या एका घरात येतो आणि लग्न ठरलेल्या ऊनाच्या मागे लागतो. कवीचा शाप बाधेल म्हणून त्याला हाकलायला कुणी धजत नाही. मग 'आम्हाला गवताचा दोर वळता येत नाही, तुम्ही कोनॉट प्रांतातले, तुम्हीच दाखवा' असं म्हणून त्याला चढवतात. दोर लांबेल तसा गडी मागे मागे सरकतो, उंबरा ओलांडतो, की धाडकन दार बंद! आमची पोरं भाताच्या पेंढ्याचा दोर डोळे मिटून वळतात, तालमीत ते शिकवायला नको. यात आमच्याकडच्या बोहाडा उत्सवातली मुखवट्यांची सोंगं आणि संबळ आणावा का?

गोदाकाठ:
सोंगं नकोत. मुखवट्यांची पूजा होते, तो देवाचा कार्यक्रम आहे. गावच्या जाणत्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. नाचाला संबळ खुशाल घ्या.

संहितेचं म्हणाल तर, कथानक आयरिश कवी येट्सनं दिलं, पण संवाद हाइडनं थेट आयरिशमध्ये लिहिले. आयरिश लेखिका लेडी ग्रेगरीचं इंग्रजी भाषांतर मागाहून आलं. तुम्हीही आधी मराठीत लिहून मग कोकणा बोलीत उतरवू नका, बोलणं पुस्तकी होतं.

पत्रप्रेमी:
पोरांकडून पत्रं लिहून घ्या. आयरिश नाटककार जे. एम. सिंग १८९८ ला पहिल्यांदा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरान बेटांवर गेला. त्यातल्या इनिशमान बेटावरचा एक तरुण त्याला पुढे आयरिशमधून पत्रं लिहायचा, त्यातला मजकूर सिंगच्या १९०७ च्या पुस्तकात आहे. घरची खबरबात लिहिताना माणूस जसा बोलतो तसं ते आहे. संवादाला तोच सूर हवा.

पेठचा_मास्तर:
पटलं. सोंगं काढली. ऊनाच्या आईचं बोलणं आमच्या गावातल्या आजीबाईंकडूनच वदवून घेतो, पोरं ते उतरवून घेतील. दार लागताना संबळ थांबवू की चढवू?

गोदाकाठ:
थांबवा. कवी बाहेरून दार बडवत शाप देतो, ते प्रेक्षकांना ऐकू यायला हवं.