पुहुनान कुठून आलं? फिलिपिन्समधल्या छोट्या धंद्यांचे अनुभव

मारिकिनावासी :
मंडळी, आपल्यातले कितीतरी जण नोकरीमुळे, शिक्षणामुळे नाहीतर बोटीमुळे फिलिपिन्सशी जोडले गेले आहेत. तिथे पाहिलेल्या छोट्या धंद्यांबद्दल लिहा. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा : पुहुनान, म्हणजे पहिलं भांडवल, कुठून आलं? हेन्री सी वडिलांच्या किराणा दुकानाच्या फळीवर झोपायचे आणि त्यांनीच पुढे एसएमचे मॉल उभे केले, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. मला तुमच्या शेजारच्या दुकानाची हवी आहे.

सुरुवात मी करते. आमच्या गल्लीत घराच्याच खिडकीला लोखंडी जाळी बसवून थाटलेलं सारी-सारी दुकान आहे. "पाबिली पो!" अशी हाक मारली की नानाय (म्हणजे आई, दुकानाच्या मालकीण) आतून येतात. सगळं तिंगी, म्हणजे सुटं : एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी, प्लॅस्टिकच्या चिंचोळ्या पिशवीत बांधलेलं चार चमचे तेल. पहिल्या गिऱ्हाइकाला "ब्वेना मानो" म्हणतात आणि ती नोट मालावरून फिरवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोहनीची नोट कपाळाला लावणारी आमची भाजीवाली आठवून डोळे भरून आले होते.

नानायांचं पुहुनान हाँगकाँगहून आलं. धाकटी बहीण तिथे घरकाम करायची, आणि तिची दोन्ही मुलं इथे नानायांनी वाढवली. पैसे बहिणीचे, आईपण यांचं. हा हिशेब त्या दोघींनी कधी मांडला नाही.

दावाओकर :
मी इथे मेडिकलला होतो. हॉस्टेलसमोर एका आतेची (ताईची) कारिंदेरिया, म्हणजे खानावळ होती. काचेमागे पातेली मांडलेली, बोट दाखवायचं आणि भातावर वाढून घ्यायचं. आम्ही "वालांग बाबोय?" म्हणजे "डुक्कर नाही ना?" असं रोज विचारायचो, म्हणून तिने आमच्यासाठी मुंगो, म्हणजे मुगाचं एक पातेलं वेगळं ठेवायला सुरुवात केली. तिचं भांडवल पालुवागानमधून आलं होतं. बाजारातल्या दहा जणी दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढायच्या आणि पाळीपाळीने एकीला सगळी मिळायची. तिने समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर माझ्या आईची भिशी! पहिली पाळी मिळावी म्हणून ती भांडली होती. त्यातून दोन मोठी पातेली आणि गॅसची टाकी आली.

बोटीवरून :
आमचा बोसन (बोटीवरच्या खलाशांचा मुकादम) इलोइलोचा. मांग इनासाल या भाजलेल्या कोंबडीच्या हॉटेलांचं नाव निघालं की छाती फुगायची, कारण २००३ मध्ये तिथल्याच एका मॉलच्या पार्किंगमध्ये ते पहिलं दुकान निघालं आणि २०१० मध्ये जॉलीबी या फास्ट-फूड कंपनीने त्याचा ७० टक्के हिस्सा ३ अब्ज पेसोंना घेतला. बोसनचा स्वतःचा धंदा ट्रायसिकलचा, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकल-रिक्षांचा. दोन करारांच्या पगारातून दोन घेतल्या आणि "बाउंडरी"वर दिल्या, म्हणजे चालकाने मालकाला रोज ठरावीक रक्कम द्यायची, उरेल ते चालकाचं. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही बंद पडल्या. त्याने बाउंडरी माफ केली, पण शेवटी एक विकावी लागली. हे सांगताना तो समुद्राकडे बघत होता, मीही काही बोललो नाही.

मकातीतली एक :
हे लिहायला जड जातंय. इथे कांद्याला "सिबुयास बोंबाय" म्हणतात, ते ऐकून मला आनंद झाला होता. मग कळलं की "बुंबाय" हे भारतीय माणसाचंही नाव आहे. मुलं ऐकेनाशी झाली की आया सांगतात, बुंबाय घेऊन जाईल. कारण बुंबाय म्हणजे मोटारसायकलवरून येणारा सावकार, बहुतेक पंजाबी. धंद्याचं नाव "फाइव्ह-सिक्स" : पाच हजार घ्या, सहा फेडा, रोज थोडे थोडे.

आमच्या इमारतीखाली सकाळी "ताहोऽऽऽ" ओरडत येणारा कुया (दादा) खांद्यावरच्या दोन डब्यांत गरम मऊ टोफू, गुळचट पाक आणि साबुदाणा घेऊन फिरतो. ते डबे त्याने फाइव्ह-सिक्सच्या पैशांतून घेतले. मी व्याजाबद्दल चिडून बोलले, तर तो म्हणाला, बँक कागद मागते, हा फक्त घर बघून जातो. व्याज जाचक आहे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण त्याच्यासाठी दुसरं दार उघडं नव्हतं हेही खरं.

लागुनाचा जावई :
दुसरं दार आहे, म्हणून लिहितोय. आमच्या सान पाब्लोत १९८६ मध्ये कार्ड ही संस्था २० पेसो आणि एका जुन्या टाइपरायटरवर सुरू झाली. बायकांना तारणाशिवाय छोटी कर्जं, आठवड्याला बैठक, आठवड्याला हप्ता. आपला बचत गट डोळ्यांसमोर आणा. २००८ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या सासूबाईंची तुरोनची, म्हणजे केळ्याच्या तळलेल्या गुंडाळ्यांची गाडी त्यातल्याच कर्जावर उभी राहिली.

मारिकिनावासी :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नानायांना हे धागे वाचून दाखवले, जमेल तसं भाषांतर करत. त्यांनी स्वतःचं एक पुहुनान सांगितलं, मला ठाऊक नसलेलं. सप्टेंबर २००९ च्या ओंदोय वादळात नदीचं पाणी दुकानात शिरलं. माल गेला आणि उधारीची "लिस्ता" लिहिलेली वहीसुद्धा. चिखल उपसत असताना गिऱ्हाइकं येऊन आपापली उधारी सांगू लागली : माझे साठ, माझे दोनशे दहा. नवी वही त्यांच्या बोलण्यावरून लिहिली गेली, आणि पुढे आलेल्या पैशांतून दुकान पुन्हा भरलं.

तिघी मात्र आल्या नाहीत. त्यांतली एक आजही रोज संध्याकाळी साबणाची वडी न्यायला येते, आणि नानाय तिला देतात.