वैद्यकीय लेखात एकाच प्रयोगाचा संदर्भ का चालत नाही?

नवसंपादक:
विकिपीडियावरच्या सर्दीविषयीच्या लेखात 'क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी सर्दी निम्म्याने टळते' या वाक्याला मॅरेथॉन धावपटूंवरच्या प्रयोगाचा संदर्भ जोडलाय. पीअर-रिव्ह्यूड जर्नल आहे, म्हणजे निबंध छापण्याआधी त्या विषयाचे तज्ज्ञ तपासतात. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर नोंद आहे. तरी 'दुय्यम स्रोत द्या' म्हणून संपादन उलटवलं. मूळ संशोधन सोडून दुसऱ्याने त्यावर लिहिलेलं का द्यायचं? आणि ते शोधायचं कसं?

संदर्भतपासनीस:
उत्तर 'धावपटू' या शब्दातच आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2013च्या आढाव्यात नियमित गोळ्या घेणाऱ्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले आहेत. सर्वसामान्य 10,708 लोकांमध्ये सर्दी होण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा 598 जणांत मात्र ते निम्म्यावर आलं. म्हणजे प्रयोग खोटा नाही, तो सगळ्यांना लावणं चुकलं. हा फरक एकट्या शोधनिबंधात दिसत नाही. नुसता संदर्भ बदलून भागणार नाही, वाक्यच बदला.

पीअर-रिव्ह्यूड निबंध म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेला निबंध, तो एकाच प्रयोगाचाही असू शकतो; रिव्ह्यू म्हणजे अनेक प्रयोगांचा आढावा, आणि दुय्यम स्रोत म्हणून तोच हवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गल्लत फार होते.

जर्नलवाचक:
शोधण्याबद्दल. पबमेडवर विषय इंग्रजीत टाका, डावीकडे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (ठरलेल्या पद्धतीने घेतलेला आढावा) आणि 'मेटा-अ‍ॅनालिसिस'वर (अनेक प्रयोगांच्या आकड्यांचं एकत्रित विश्लेषण) खूण करा, कालावधी पाच वर्षांचा ठेवा. काही नाही मिळालं तर मान्यताप्राप्त संस्थांची उपचार-मार्गदर्शक तत्त्वं किंवा वैद्यकीय पाठ्यपुस्तकाची अलीकडची आवृत्ती बघा.

पबमेडवर दिसलं म्हणजे दर्जाचा शिक्का मिळाला असं नाही. तिथे मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीबाहेरच्या जर्नलचेही निबंध असतात, म्हणून ते जर्नल मेडलाइनमध्ये आहे का ते वेगळं पाहा. निबंध मागे घेतल्याची सूचना पानाच्या वरच असते, ती न बघता पुढे जाऊ नका. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला 1998चा निबंध अवघ्या 12 मुलांवरचा होता. तो पूर्णपणे मागे घेतला गेला 2010 मध्ये! मधल्या बारा वर्षांत तो कुठे कुठे उद्धृत झाला असेल, कल्पना करा.

आणि नुसता गोषवारा वाचून संदर्भ देऊ नका. प्रयोग कोणावर झाला, मात्रा किती होती, हे पुष्कळदा आतच सापडतं.

नवसंपादक:
पण 2013चा आढावा पाच वर्षांच्या अटीत कसा बसतो?

संदर्भतपासनीस:
पाच वर्षं हा अंदाज आहे, कुंपण नव्हे. ज्या विषयात नवे आढावे सतत येतात तिथे तो काटेकोर पाळायचा. कॉक्रेनच्या आढाव्यांना सवलत आहे. मात्र त्यानंतरचा तितकाच भक्कम आढावा मिळाला, तर तोच द्या.

नवसंपादक:
मग असं चालेल? 'नियमित गोळ्यांनी सर्दीत 8 टक्के घट होते.'

जर्नलवाचक:
नाही. 8 टक्के घट आजारपणाच्या कालावधीत आहे, तीही प्रौढांत. मुलांत 14 टक्के. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेतल्या तर ठाम फायदा दिसलेला नाही, तेही लिहा. संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी न टाकता त्या-त्या वाक्याला जोडा. संदर्भाच्या साच्यात पीएमआयडी (निबंधाचा पबमेडवरचा क्रमांक) आणि डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) दोन्ही भरा, कारण जर्नलच्या संकेतस्थळाचा नुसता दुवा पुढे तुटतो.