निसटलेल्या चुकीवरचा दुसरा पहारा
डीएनएची नक्कल करणारं प्रथिन, म्हणजे पॉलिमरेज, आपली चूक आपणच खोडतं आणि त्यातून निसटली ती कायमची, असं एक म्हणणं आहे. पहिलं बरोबर, दुसरं नाही. खोडाखोडीनंतरही डीएनएच्या साधारण १ कोटी अक्षरांमागे एखादी चूक राहतेच, पण मागोमाग मिसमॅच रिपेअरची, म्हणजे न जुळलेल्या जोड्या दुरुस्त करणारी, प्रथिनं येतात. डीएनएच्या दोन धाग्यांवरच्या समोरासमोरच्या अक्षरांची जोडी जुळली नाही की तिथे फुगवटा येतो, तो माणसात एमएसएच२ आणि एमएसएच६ या प्रथिनांची जोडगोळी पकडते. मग नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून पुन्हा भरला जातो. नवा कुठला ते कसं कळतं? ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात, नव्यावर त्या अजून लागलेल्या नसतात. शास्त्रज्ञ पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी.

हे मला कळलं ते चोपड्याच्या मामांमुळे. ४३ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आजी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेलेली, घरात सगळे नशिबाला बोल लावायचे. मामांच्या गाठीच्या रिपोर्टात एक ओळ होती: एमएसएच२, एमएसएच६ आढळली नाहीत. पुढे रक्ताच्या तपासणीत लिंच सिंड्रोम निघाला, म्हणजे याच दुरुस्तीच्या जनुकातला आनुवंशिक बिघाड, ज्याने आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मामेभावातही तोच बदल सापडला, आता त्याची दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, होते. मागच्या खेपेला एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतली छोटी वाढ, वेळेत निघाला. कुणाच्या घरात आतडं आणि गर्भाशय अशी जोडी दिसत असेल, तर गाठीवर या प्रथिनांची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.