सूर्यावर क्षणभर तरी टिकता येईल का?

प्रश्न : सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आहे आणि तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 28 पट आहे. मग यानाला आधी कोण संपवेल, उष्णता की वजन?

प्रतिसाद 1 : निःसंशय उष्णता. तिथल्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे 6 कोटी 30 लाख वॅट ऊर्जा बाहेर पडते. टंगस्टनसुद्धा 3,422 अंशांना वितळते, त्यामुळे तिथे घन स्वरूपात काहीच उरणार नाही.

प्रतिसाद 2 : सहमत आहे, पण गुरुत्वाकर्षणाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. 60 किलोचा माणूस तिथे 1,680 किलोचा भासेल हे खरे, पण ते पायाखाली टणक जमीन असेल तरच. सूर्य वायुरूप असल्याने तो मुक्तपणे खाली पडत राहील आणि सुरुवातीला त्याला वजन जाणवणारच नाही.

प्रश्नकर्ता : मग लाखो अंश तापमानाच्या प्रभामंडलात (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात) नासाचे सूर्याचा अभ्यास करणारे पार्कर यान कसे टिकले?

प्रतिसाद 2 : फार सुंदर प्रश्न! तापलेल्या ओव्हनमधल्या हवेत हात क्षणभर सोसतो, पण आतल्या पत्र्याला बोट लागताच चटका बसतो. प्रभामंडल अतिशय विरळ आहे. कण तप्त असले तरी थोडेच आदळतात. खरा ताप सूर्यप्रकाशाचा, आणि तो सुमारे 11.5 सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल अडवते. म्हणूनच 24 डिसेंबर 2024 रोजी ते पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरवरून सुखरूप गेले.